फाउंड्रीतली न दिसणारी धूळ कशी मोजायची

फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग (कास्टिंग) घासून साफ करायच्या शेडमध्ये पहिल्यांदा आलेला शिकाऊ हमखास समोर उडणाऱ्या धुळीकडे बोट दाखवून विचारतो, "सर, हीच मोजायची ना?" नाही. डोळ्यांना दिसते ती धूळ बरीचशी नाकात-घशात अडकते आणि शेंबडा-कफातून बाहेर पडते. आपल्याला हवी ती न दिसणारी, साधारण ४ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. डोक्याचा केस ७० मायक्रॉन जाड धरला तर हा कण त्याच्या सतराव्या हिश्शाएवढाही भरत नाही. तो थेट फुप्फुसातल्या हवेच्या बारक्या पिशव्यांपर्यंत जातो. तो वाळूचा, म्हणजे क्वार्ट्झचा असेल, तर वर्षानुवर्षं तिथंच राहून फुप्फुसाला कडक व्रण पाडत जातो. त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि झालेला सिलिकोसिस उलटवणारं औषध नाही. त्यात क्षयरोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं स्फटिकरूप सिलिकाला १९९७ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलंय.

कोल्हापूरच्या माणसाला फाउंड्री समजावून सांगायला नको. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या जोरावर वाढलेला हा धंदा शिरोली, गोकुळ शिरगाव करत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत पोचला. घाटाखाली कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, तीच वाळू साच्यांत जाते. बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीनं आणि पाण्यानं बांधलेली असते तोवर ती गुणी. तिच्यावर लोखंड ओतलं, ती वाळली, जळाली, नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढताना, आदळून फुटली, की त्रास सुरू होतो.

कामाच्या जागी मोजण्यासारखं पुष्कळ असतं: आवाज, उष्णता, वेल्डिंगचा धूर, पेंटमधले सॉल्व्हंट. पण शिकायला सुरुवात श्वसनयोग्य धुळीपासून, म्हणजे वर सांगितलेल्या न दिसणाऱ्या धुळीपासून करावी असं माझं मत आहे. कुणाला मोजायचं, यंत्र तपासायचं, पाळीभर डोळे उघडे ठेवायचे आणि आकडा सांभाळून वाचायचा, ही चारही कामं यात एकदम शिकून होतात.

पहिला दिवस वही आणि बॅटरीचा

हवा ओढून तिच्यातली धूळ फिल्टरवर गोळा करणारा पंप पहिल्या दिवशी गाडीतच राहू द्या. सँड मिक्सरपासून निघा आणि मोल्डिंग, कोअर शॉप (पोकळीसाठी वाळूचे गाभे करायची जागा), ओतकाम, नॉकआउट, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई) करत फेटलिंगपर्यंत कास्टिंगच्या मागं मागं चाला. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लिहा: कोण काय करतो, किती वेळ करतो, आणि साफसफाई कशी होते. ही तिसरी गोष्ट नवे लोक हटकून विसरतात. कित्येकदा ग्राइंडिंगपेक्षा संध्याकाळची हवेची नळीच जास्त धूळ देते. अंगावरची, मशीनवरची माती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की "हवा मारता का?" असं विचारलं तर "न्हाई" म्हणतात, आणि पाच मिनिटांनी तुमच्यासमोरच मारतात. म्हणून विचारू नका, बघा.

बॅटरीचा उपयोग इथं. संध्याकाळी शेडमधले दिवे थोडे कमी असताना झोतवाली जोरकस बॅटरी कामाच्या जागेच्या पलीकडून तुमच्या दिशेनं धरायला लावा. दिव्यात थेट न बघता जरा बाजूला उभं राहून झोताकडे पाहा. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत धुराच्या वळ्यांसारखी धूळ दिसू लागते, जशी सकाळी कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात दिसते. यातून आकडा मिळत नाही. पण ग्राइंडरच्या चाकाची धूळ ती खेचून घेणाऱ्या हुडमध्ये जाते की कामगाराच्या छातीवर आदळून वर चढते, हे एका मिनिटात कळतं. मालकाला पटवायला तर याच्याइतकं प्रभावी काही नाही. त्याला स्वतःलाच तिथं उभं करा.

आणखी एक चौकशी आवर्जून करा: फर्नेसचं लायनिंग कधी तोडतात? इंडक्शन फर्नेसच्या आतलं सिलिकाचं अस्तर तापून तापून त्यातला काही क्वार्ट्झ क्रिस्टोबलाइट नावाच्या रूपात बदलतो, आणि ते क्वार्ट्झपेक्षा घातक धरलं जातं. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात त्याची मर्यादा क्वार्ट्झच्या निम्मी होती. लायनिंग तोडण्याचं काम रोजचं नसतं, बहुधा कंत्राटी माणसं करतात, त्यामुळं नेहमीच्या तपासणीत ते निसटतं. त्याची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी मुद्दाम जा.

कुणाच्या कमरेला पंप

सगळ्यांना पंप लावणं परवडत नाही, त्यामुळं माणसांचे गट पाडावे लागतात. एकच काम, एकच जागा, साधारण तेवढाच वेळ, असा एक गट. गट पाडताना हजेरीपुस्तकातल्या हुद्द्यावर जाऊ नका. "हेल्पर" या एका शब्दाखाली नॉकआउटला वाळू ओढणारा येतो आणि ऑफिसात चहा नेणाराही येतो.

एका गटातून एकाच दिवशी एकच नमुना घेऊन "धूळ अमुक आहे" म्हणणं म्हणजे पंचगंगेची पातळी एकदा बघून वर्षाचा पाऊस सांगणं. एकाच माणसाची, त्याच कामावरची धूळ दिवसागणिक दुप्पट-तिप्पट फिरते. कास्टिंग कुठलं, वारा कुठून, पंखा चालू की बंद, असल्या बारीकसारीक गोष्टींवर ती अवलंबून असते. या व्यवसायात एका गटासाठी सहा ते दहा मोजमापं, तीही वेगवेगळ्या दिवशी, ही रूढ पद्धत आहे. पैसे कमी असतील तर सर्वांत वाईट वाटणाऱ्या गटावर सहा घ्या. पाच गटांत एकेक वाटून पाचही आकडे निरुपयोगी करून ठेवू नका.

मग माणसाशी बोला. एका फाउंड्रीत फेटलिंगवरच्या मामांनी पंप हातात घेऊन उलटसुलट केला आणि हळूच विचारलं, "सायेब, ह्यात आमचं बोलणं टेप हुतंय काय?" त्यांची शंका खोटी नव्हती. काळा डबा, त्याला नळी, कॉलरला लावलेलं बोंडूक; कुणालाही तेच वाटेल. मी पंपाचं झाकण उघडून दाखवलं, नळीचं तोंड त्यांच्या तळहातावर धरून हवा ओढलेली जाणवून दिली, आणि सांगितलं की काम रोजच्यासारखंच करा, जास्त नको, कमी नको. नको वाटलं तर काढून द्या, कुणी काही म्हणणार नाही. कामगार बिहार-ओडिशाचे असतील तर हे सगळं हिंदीत सांगा, आणि सुपरवायझर शेजारी नसताना सांगा.

साहित्य आणि बुडबुडा

साहित्य फार नाही: कमरेला लावायचा बॅटरीचा पंप, लवचिक नळी, सायक्लोन, आणि ३७ मिलिमीटरचा, ५ मायक्रॉन छिद्रांचा पीव्हीसी फिल्टर बसवलेली कॅसेट. पीव्हीसीच का, हे लक्षात ठेवा. तो ओलावा कमी धरतो, आणि कोल्हापूरच्या जुलैत सेल्युलोजचा फिल्टर वजन केला तर धुळीऐवजी पावसाचंच वजन होईल.

सायक्लोन हा या सगळ्याचा जीव. हवा त्यात भोवऱ्यासारखी फिरते, जड कण बाहेर फेकले जाऊन तळाच्या भांड्यात पडतात, बारीक कण वर फिल्टरवर जातात. म्हणजे तुमच्या कॉलरवर एक छोटंसं नकली नाक-घसा बसवलेलं असतं. पण ही गाळणी ठरावीक वेगालाच बरोबर चालते. नायलॉनच्या १० मिलिमीटर सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर, ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या सायक्लोनला २.५ लिटर. प्रवाह कमी पडला तर भोवरा मंदावतो आणि जाडे कण फिल्टरवर जातात; आकडा फुगतो. जास्त झाला तर कामाचे कणही तळाला पडतात. आकडा खाली येतो. म्हणून "प्रवाह चुकला, पण हिशेबात धरून घेऊ" हे इथं चालत नाही. प्रवाह चुकला म्हणजे तुम्ही वेगळीच धूळ मोजली.

तो तपासायची जुनी आणि अजूनही सुंदर पद्धत म्हणजे साबणाचा बुडबुडा. एक लिटरचं ब्युरेट उलटं टांगा, वरचं टोक सायक्लोनला आणि सायक्लोन पंपाला जोडा, खालचं तोंड साबणाच्या पाण्याला टेकवून उचला. पातळ पडदा वर सरकू लागतो. शून्याच्या रेघेवर स्टॉपवॉच सुरू, हजारच्या रेघेवर बंद. बरोबर २४ सेकंद आले की मिनिटाला २.५ लिटर. पहिले दोन-तीन बुडबुडे मध्येच फुटतात. काच आतून ओली झाली की नीट चढतात. तीन वेळा मोजा, सरासरी लिहा. हल्ली डिजिटल यंत्रं हेच काम दोन सेकंदांत करतात, पण शिकताना एकदा तरी बुडबुड्याकडे टक लावून बसा. नळीत गळती असेल तर बुडबुडा कसा रेंगाळतो, ते त्याशिवाय कळत नाही.

दोन अटी कधी मोडू नका. तपासणी करताना सायक्लोन आणि फिल्टर नळीवर जोडलेलाच हवा, कारण नुसत्या पंपाचा प्रवाह वेगळा येतो. नायलॉनच्या सायक्लोनला जोडणी नसते, तो बरणीत ठेवून तपासतात. आणि तपासणी त्याच कारखान्याच्या ऑफिसात करा. मुंबईत पंप लावून घाट चढून आणाल तर हवाच वेगळी.

पाळीभर

सायक्लोन कामगाराच्या नाकातोंडापासून ३० सेंटीमीटरच्या आत, कॉलरवर, उभा. मास्क असला तरी सायक्लोन मास्कच्या बाहेर. आपण हवा मोजतो, मास्क नाही. नळी पाठीवरून आणा, नाहीतर ग्राइंडरच्या ठिणग्या तिला भोकं पाडतात. पंप कमरेला मागच्या बाजूला, वाकताना पोटात न रुतेल असा. वेळ लिहा. उदाहरणार्थ, ८ वाजून ५ मिनिटं.

आणि आता चहाला जाऊ नका.

माझा पहिला फसलेला नमुना असाच. पंप लावून मी मालकाबरोबर केबिनमध्ये बसलो होतो. दुपारी आकडा बघायला गेलो तर पंप चालू, पण भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला, पंख्याच्या थेट तोंडासमोर. त्या भावानं जेवायला जाताना काढून ठेवला होता, परत घालायचा राहिला. तो नमुना किती वेळ माणसाचा आणि किती वेळ खिळ्याचा, हे आजही मला माहीत नाही. फेकून दिला. तेव्हापासून नियम: पहिला फेरा अर्ध्या तासात, मग दर तासाला एक. प्रत्येक फेरीत पंपाचा प्रवाह, नळीला पीळ, सायक्लोन सरळ आहे का, आणि माणूस त्या क्षणी काय करतोय. "१०.४०, रायझर तोडणं, पंखा बंद. ११.१५, हँड ग्राइंडर, शेजारी हवा मारली." असल्या ओळींनी वही भरली पाहिजे. फिल्टर तुम्हाला धूळ किती ते सांगेल. कुठून आली ते फक्त वही सांगते, आणि उद्या धूळ कमी करायची झाली तर मालक तेच विचारणार.

आणखी एक खोड ओळखायला शिका. तुम्ही येणार हे माहीत असलं की सकाळीच वाळूवर पाणी मारलेलं असतं, जमीन झाडलेली असते, अर्ध्या मशीन बंद असतात. भांडू नका. त्या दिवशी किती कास्टिंग निघाली आणि रोज किती निघतात, ते उत्पादनाच्या रजिस्टरवरून लिहून घ्या. अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला कळतं.

पाळी संपली की सायक्लोन उभाच ठेवून पंप बंद करा. तो आडवा किंवा उलटा झाला तर तळाच्या भांड्यातली जाडी धूळ फिल्टरवर सांडते आणि दिवस वाया जातो. मग पुन्हा बुडबुडा. सुरुवातीचा आणि शेवटचा प्रवाह यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर नमुना बाद. दोन-तीन फिल्टर असेही असू द्या, जे शेडमध्ये नेले, झाकण उघडलं, लगेच बंद केलं, हवा ओढलीच नाही. हे कोरे फिल्टर. वाहतुकीत, हाताळण्यात किती वजन वाढलं ते यांतून कळतं. शेडमधल्या बीमवरची साठलेली धूळ चमचाभर वेगळ्या बाटलीत घ्या, पण ती बाटली फिल्टरच्या खोक्यात ठेवू नका. सांडली तर सगळे नमुने गेले.

प्रयोगशाळा निवडताना फक्त दर विचारू नका. क्वार्ट्झ मोजता का, क्ष-किरण विवर्तनानं की इन्फ्रारेडनं, आणि त्याच चाचणीसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना प्रमाणित करणाऱ्या मंडळाची) मान्यता आहे का, हे विचारा. कित्येक ठिकाणी नुसती "श्वसनयोग्य धूळ" तोलून कागद देतात. फाउंड्रीत त्या कागदाचा अर्धाच उपयोग. हातात धरून लगेच आकडा दाखवणारी लेसरची यंत्रं असतात, तीही क्वार्ट्झ ओळखत नाहीत; कुठल्या कामाला धूळ उसळते हे बघायला ती चांगली, मर्यादेशी ताडून बघायला नाहीत.

गणित

समजा फेटलिंगवरच्या एका माणसाचा नमुना असा आला. प्रवाह सुरुवातीला २.५०, शेवटी २.४२, फरक ३.२ टक्के, चालेल. सरासरी २.४६ लिटर. वेळ ४४० मिनिटं. म्हणजे हवा १०८२ लिटर, १.०८२ घनमीटर. फिल्टरचं वजन १.३२ मिलिग्रॅमनं वाढलं, कोऱ्या फिल्टरचं ०.०२ नं. उरले १.३० मिलिग्रॅम. भागाकार केला की घनमीटरला १.२० मिलिग्रॅम श्वसनयोग्य धूळ. प्रयोगशाळेनं क्वार्ट्झ १५ टक्के सांगितला, म्हणजे क्वार्ट्झ ०.१८ मिलिग्रॅम.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत मर्यादा सूत्रानं दिली होती: १० भागिले (क्वार्ट्झचे टक्के अधिक २). इथं १० भागिले १७, म्हणजे ०.५९ मिलिग्रॅम धूळ. आपला आकडा त्याच्या दुपटीला टेकलेला. सूत्र भीतिदायक दिसतं, पण त्याचा अर्थ सोपा आहे. वेगवेगळे टक्के घालून बघा: क्वार्ट्झ कितीही असो, परवानगी मिळते ती कायम घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम क्वार्ट्झच्या आतच. अमेरिकेच्या ओशानं, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, २०१६ साली ही मर्यादा ०.०५ वर आणली, आणि तिथल्या तज्ज्ञांची एसीजीआयएच ही संघटना ०.०२५ सुचवते. आपल्या माणसाचे ०.१८ ओशाच्या मर्यादेच्या साडेतीन पटींवर जातात. मी अहवालात तिन्ही लिहितो. कायदा पाळला एवढंच ज्याला बघायचंय त्यानं पहिला बघावा, माणसाचं फुप्फुस बघायचंय त्यानं शेवटचा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमुळं कायद्याची चौकट बदलली आहे, तेव्हा अहवालाच्या तारखेला कुठला नियम लागू आहे ते तपासून घ्या.

हे सगळे आकडे ८ तासांच्या पाळीचे. आपल्याकडे फेटलिंगला सर्रास १२ तास चालतात. तेव्हा धूळ जास्त वेळ आत जाते आणि ती बाहेर टाकायला शरीराला वेळ कमी मिळतो. ब्रीफ आणि स्काला यांची पद्धत अशी: ८ भागिले कामाचे १२ तास, गुणिले विश्रांतीचे १२ तास भागिले १६. उत्तर निम्मं. म्हणजे १२ तासांच्या माणसाला मर्यादाही निम्मीच धरायची. अहवालात हे वाक्य घातलं की मालक पहिल्यांदा दचकतो, मग "ओव्हरटाइम तर तेच मागतात" म्हणतो. तेही खरं असतं.

अहवाल हाती आल्यावर

ज्याच्या कॉलरला सायक्लोन लावला होता त्याला त्याचा आकडा सांगा. सोप्या भाषेत, समोर उभं राहून, कागदासकट. बऱ्याच ठिकाणी अहवाल फायलीत जातो आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा माणूस आला तरच बाहेर निघतो. सिलिकोसिस हा कायद्यानं कळवायचा आजार आहे, पण तो कळवण्याइतका ओळखू येईपर्यंत धुळीला दहा-वीस वर्षं झालेली असतात. आकडा आज माहीत असेल तर त्याच्या छातीचा एक्स-रे आज होतो.

मग वही उघडा. आमच्या मामांच्या बाबतीत वहीनं जे दाखवलं ते असं: सकाळच्या सत्रात ग्राइंडिंग, आणि दर तासाला शेजाऱ्यानं कास्टिंगच्या पोकळीतली वाळू हवेनं उडवलेली. हवेची नळी बंद करून तिथं व्हॅक्यूम दिला, कास्टिंग फेटलिंगला येण्याआधी शॉट ब्लास्टमधून जास्त वेळ फिरवलं, ग्राइंडरच्या टेबलाला मागून खेचणारा हुड लावला. मास्क सगळ्यात शेवटी, आणि तोही दाढीवर बसत नाही हे सांगून. महिनाभरानं पुन्हा तोच माणूस, तेच काम, तीच पाळी, तोच प्रवाह. यात एखादी गोष्ट जरी बदलली तर आकडा कशामुळं उतरला ते सांगता येणार नाही.

हे काम नीट शिकायचं असेल तर सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेतलं प्रशिक्षण आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, या दोन ठिकाणी चौकशी करा. पण रात्री खोलीवर परतल्यावरचं काम कुणी शिकवत नाही. सायक्लोन खोलून तळाचं भांडं कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचं, रबरी रिंग चिरली नाही ना ते नखानं चाचपायचं, भाग टॉवेलवर पालथे घालून वाळू द्यायचे, पंप चार्जिंगला लावायचे आणि प्रत्येकावर उद्याच्या माणसाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. दिवा घालवण्याआधी चार्जरचे लाल दिवे मोजा. एखादा पंप नीट खोचलेला नसतोच.